व्हीआर ‘लागतं’ त्याचं काय करायचं: आधी पहिली जांभई ओळखा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. क्वेस्ट ३ हा व्हीआरचा (डोळ्यांवर चढवून आभासी जगात नेणारा) हेडसेट घेऊन दीड महिना झालाय, बीट सेबर हा जागेवर उभं राहून ठोकळे कापायचा गेम अर्धा अर्धा तास आरामात खेळता. पण पीसीवरून वायफायने हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स हा हिंडत गोळीबार करायचा गेम लावलात आणि स्टिकने, म्हणजे हातातल्या कंट्रोलरवरच्या दांडीने, चालायला लागलात की दहा मिनिटांत मळमळ, कपाळावर गार घाम, आणि डोकं पार झोपेपर्यंत जड. मित्र म्हणतायत रेटत राहा, आठवड्यात सवय होते. लहानपणी आंबा घाटात गाडी लागायची म्हणून तुम्ही विचारताय की खेळायच्या आधी गाडी लागण्यावरची अ‍ॅव्होमिनची गोळी घेऊ का, का सरळ हेडसेट विकून टाकू.

विकू नका, गोळीचं नंतर बोलतो, आणि रेटत राहायचा सल्ला मात्र आत्ताच्या आत्ता डोक्यातून काढून टाका. तुमच्या प्रश्नात माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे, कारण माझ्या बघण्यात व्हीआर कायमचं सोडलेली जी माणसं आहेत त्यातली बहुतेक पहिल्या दिवशी त्रास झाला म्हणून सोडून गेली नाहीत, तर पहिल्या दिवशी त्रास होत असताना थांबली नाहीत म्हणून गेली.

मी नऊ वर्षं पुण्यात व्हीआरवरच काम करतोय. पहिली दोन वर्षं एका मॉलमधला गेमझोन सांभाळला, मग कारखान्यांसाठी ट्रेनिंगची सिम्युलेशन्स करायला लागलो, म्हणजे क्रेन, फोर्कलिफ्ट, आग लागली तर बाहेर कसं पडायचं असं. त्यामुळे कॉलेजच्या पोरांपासून ते निवृत्तीला आलेल्या फोरमनपर्यंत किती जणांच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने हेडसेट चढवला असेल आणि घाईघाईने उतरवला असेल, मोजलेलं नाही. डॉक्टर मी नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आधी हे का होतं ते बघू, कारण ते कळलं की सेटिंगमधलं कुठलं बटन कशासाठी आहे ते आपोआप कळतं. आपल्या आतल्या कानात दोन प्रकारची यंत्रणा असते. एक, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, त्यात पाण्यासारखा द्रव असतो, मान वळली की तो मागे राहतो आणि मेंदूला कळतं की आपण वळतोय. दुसरी, बारीक खड्यांचे दोन ठिपके म्हणा, ते पुढे-मागे, वर-खाली जाण्याचा धक्का ओळखतात. गंमत अशी की दोन्हींना वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. डेक्कन क्वीन एका लयीत पळत असते तेव्हा कपातला चहा हलत नाही, डोळे मिटले तर खडखडाटाशिवाय गाडी चाललीये हे कळायला काही मार्ग नसतो. गाडीने ब्रेक मारला की मात्र लगेच कळतं.

आता घाटातली एसटी घ्या. कान सांगतो डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो, खड्डा आला. डोळे मात्र पुढच्या सीटच्या पाठीवर नाहीतर मोबाइलवर, ते म्हणतात आपण जागेवर आहोत. व्हीआरमध्ये याच्या बरोबर उलटं होतं, डोळे म्हणतात पळतोय, कान म्हणतो अरे आपण हॉलमध्ये गालिच्यावर उभे आहोत. मेंदूला दोन साक्षीदार दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि त्यातून मळमळ सुरू होते. भांडण आतल्या कानाशी आहे याचा पुरावा फार जुना आहे, ज्या मूकबधिर लोकांचा आतला कान कामच करत नाही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना बोट लागत नाही हे विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्येच लिहून ठेवलंय. पण साक्ष जुळली नाही तर उलटी कशाला, याचं उत्तर म्हणून मिशेल ट्रीसमन यांनी १९७७ मध्ये एक कल्पना मांडली, की शरीराला असली गडबड म्हणजे पोटात विष गेल्याची खूण वाटते म्हणून ते पोट रिकामं करायला बघतं. ही कल्पनाच आहे, सगळ्यांना पटलेली नाही. मला मात्र कामात ती उपयोगी पडते, का ते पुढे येईल.

म्हणजे तुम्हाला घाटात गाडी लागायची आणि आता व्हीआर लागतंय यात नातं आहे, पण त्याचा अर्थ तुमच्यात काही कमी आहे असा नाही. उलट मी बघितलेली एक गोष्ट सांगतो. चाकणच्या एका कारखान्यात आम्ही क्रेनचं सिम्युलेशन घेऊन गेलो होतो. नवी भरती झालेली पोरं पंधरा पंधरा मिनिटं चालवून हसत बाहेर आली. मग वीस वर्षं खरी क्रेन चालवणारे एक काका बसले. आधी ते सतत बोलत होते, हा लिव्हर असा नसतो, इथे साखळी इतकी हलत नाही, वगैरे. चार मिनिटांनी बोलणं बंद झालं. मी बाजूला उभा होतो, वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब दिसले, मग त्यांनी दोनदा आवंढा गिळला, मग एक मोठी जांभई दिली. मी हेडसेट काढायला हात लावला तर म्हणाले राहू दे, पूर्ण करतो, पोरं बघतायत. मी ऐकलं, आणि ते मी करायला नको होतं. पुढच्या दोन मिनिटांत ते धावत बाहेर गेले आणि त्या दिवशी परत शिफ्टवर चढू शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी नुसता हेडसेट हातात घेतला तर त्यांना कसंतरी व्हायला लागलं.

यात दोन गोष्टी आहेत. पहिली, अनुभवी माणसाला जास्त त्रास झाला. अमेरिकेत १९५७ साली हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरवर हेच दिसलं होतं, शिकाऊ लोकांपेक्षा शिकवणारे वैमानिक जास्त आजारी पडले. कारण खऱ्या यंत्रात कुठल्या हालचालीला कानाला काय जाणवायला हवं हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं आणि सिम्युलेटरमध्ये ते मिळत नव्हतं. तेव्हा लागणं म्हणजे कमजोरी हे कोणी म्हणालं तर ऐकू नका.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची, ती दुसऱ्या दिवशीची. शिळं खाऊन एकदा जोरात उलटी झाली की नंतर कित्येक महिने त्या पदार्थाच्या वासानेही ढवळतं ना, तसंच इथे होतं. मेंदू शिकतो, पण तुम्ही जे शिकवाल तेच शिकतो. त्रास व्हायच्या आत थांबलात तर तो शिकतो की डोळ्यांना असं दिसलं तरी काही वाईट होत नाही. मळमळ होईपर्यंत रेटलंत तर तो शिकतो की हेडसेट म्हणजे विष. तुमचे मित्र सवय होते म्हणतात ते खरं आहे, बहुतेकांना होते, पण ती या पहिल्या वाटेने होते, दुसऱ्या वाटेने जाऊन झालेली मी क्वचितच बघितलीये.

आता तुमच्या नेमक्या केसकडे येतो. बीट सेबर चालतं आणि अ‍ॅलिक्स लागतं, यावरून सगळे लगेच म्हणतील स्टिक. मलाही तेच वाटतं, कारण बीट सेबरमध्ये तुम्ही जेवढे हलता तेवढंच जग हलतं, दोन्ही साक्षीदार खूश. पण तुमच्या वर्णनात अजून एक फरक लपलाय, बीट सेबर हेडसेटवरच चालतं आणि अ‍ॅलिक्स पीसीवरून वायफायने येतं. म्हणजे संशयित दोन आहेत, स्टिक आणि वायफाय, आणि दोघांना वेगळं केल्याशिवाय सेटिंग बदलत बसणं म्हणजे अंधारात दगड मारणं आहे.

तर पहिली टेस्ट अशी करा. अ‍ॅलिक्स सुरू करा, सुरुवातीला ती बाल्कनी येते तिथे उभे राहा आणि स्टिकला अजिबात हात लावू नका. आजूबाजूला बघा, वाका, वस्तू उचला, खोलीत जागा असेल तेवढे स्वतःच्या पायाने चाला. पुढे खोलीत जायचं झालं तर फक्त टेलिपोर्टने, म्हणजे जागा दाखवून थेट तिथे उडी मारत, जा, तिथे काचेवर मार्करने लिहिता येतं, लिहा काहीतरी. दहा मिनिटं झाली आणि काही वाटलं नाही तर वायफाय निर्दोष, स्टिक गुन्हेगार. पण उभ्या उभ्याच डोकं जड व्हायला लागलं तर चित्र उशिरा येतंय.

उशिरा येणं म्हणजे फार नाही हो, मिलिसेकंदांची गोष्ट आहे. मान वळवल्यापासून चित्र बदलेपर्यंत २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ जाऊ नये असं या धंद्यात मानतात. ९० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं दाखवताना, एका फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात. वायफायवर हेडसेट आपल्या बाजूने बरीच सारवासारव करतो, पण फ्रेम गळायला लागल्या की तीही पुरत नाही. बाल्कनीच्या कठड्याकडे बघत मान पटकन डावी-उजवी करा, कठडा थरथरला किंवा नजरेच्या कडेला काळी पट्टी डोकावली तर समजा तिथे गडबड आहे. उपाय साधा आहे, पीसी राऊटरला केबलने जोडा, फक्त हेडसेट वायफायवर ठेवा, तोही ५ गिगाहर्ट्झवर आणि राऊटर त्याच खोलीत. ग्राफिक्स कमी करा पण फ्रेम गळू देऊ नका. सुंदर पण अडखळणाऱ्या चित्रापेक्षा साधं पण सलग चित्र पोटाला कितीतरी बरं, यात माझं दुमत कधीच झालं नाही.

लेन्सचं अंतरही एकदा बघून घ्या. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोठ्या माणसात सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं पण प्रत्येकाचं वेगळं, चष्म्याच्या दुकानात सांगितलं तर मोजून देतात. क्वेस्ट ३ ला खाली चाक आहे, ते फिरवलं की आकडा दिसतो, तो जुळवा. चुकलं तर मळमळीपेक्षा डोळे ओढल्यासारखे होतात आणि कपाळ दुखतं, तुमचं रात्रीपर्यंत राहणारं जड डोकं थोडं यामुळेही असू शकेल.

आता समजा स्टिकच निघाली. अ‍ॅलिक्समध्ये टेलिपोर्टचे दोन प्रकार आहेत, ब्लिंक म्हणजे क्षणभर अंधार होऊन पुढच्या जागी, आणि शिफ्ट म्हणजे झपकन सरकत. तुम्ही ब्लिंक घ्या आणि अख्खा गेम तसा संपवला तरी काहीही गमावलं असं समजू नका, तो गेम टेलिपोर्टने पूर्ण खेळता येईल असाच बनवलाय. नेटवर टेलिपोर्टला बायकी म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. माझा एक सहकारी आहे, पाच वर्षं दिवसाला तीन-चार तास व्हीआरमध्ये काढतो आणि अजून टेलिपोर्टनेच हिंडतो, त्याला स्टिकची सवय झालीच नाही. असे लोक असतात आणि तुम्ही त्यातले आहात का ते महिनाभर नीट प्रयत्न केल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

स्टिकने चालायचंच असेल तर वर सांगितलेलं आठवा, कानाला वेगातला बदल कळतो. सरळ रेषेत एका वेगाने चाललात तर भांडण कमी, कारण एका वेगाने जाताना खऱ्या जगातही कान गप्पच असतो. सुरू होणं, थांबणं, आडवं सरकणं, मागे जाणं, जिना, आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्टिकने गोल वळणं, इथे मोठं भांडण. म्हणून स्मूथ टर्न, म्हणजे स्टिकने सलग गोल वळणं, पहिल्या दिवशी बंद करा, स्नॅप टर्न ठेवा, त्यात चित्र एका झटक्यात ठरावीक अंशात वळतं आणि मेंदूला मधली हालचाल दिसतच नाही. त्याहून चांगलं म्हणजे वळायला स्टिक वापरूच नका, अंगाने वळा. तुमच्याकडे वायर नाहीये, त्याचा फायदा घ्या. पायाखाली एक छोटा गालिचा टाका, तो पायाला लागला की आपण खोलीच्या मध्यावर आहोत हे कळतं. बसून खेळत असाल तर चाकाची फिरणारी खुर्ची घ्या.

काही गेममध्ये चालताना कडेने काळी चौकट येते, ती चालू ठेवा. हालचालीचा भास डोळ्याच्या कडेला जास्त होतो, स्टेशनवर शेजारची लोकल सुटली की आपलीच गाडी निघाली असं वाटतं ते खिडकीच्या कडेने दिसणाऱ्या त्या डब्यांमुळेच. कडा झाकली की भास कमी. नवीन माणसाला मी चौकट सगळ्यात जाड करून देतो आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडी पातळ करत जातो. समोर एक टेबल फॅन लावा, यावर मी फार ठाम आहे, गार वारा तोंडावर आला की त्रास उशिरा सुरू होतो आणि खरी दिशाही लक्षात राहते. स्टिक पुढे ढकलताना जागच्या जागी पावलं उचलली तर बऱ्याच जणांना बरं वाटतं, वेडं दिसतं पण करून बघा.

सरावाचं म्हणाल तर दिवसातून एकदा, पोट अगदी रिकामं नको आणि जेवून लगेच नको, झोप अपुरी झालेली असेल त्या दिवशी सुट्टी. पहिल्या दिवशी स्टिकने फक्त दोन-तीन मिनिटं. घड्याळापेक्षा अंगाकडे लक्ष द्या, कारण मळमळ ही पहिली खूण नसतेच. त्याच्या आधी जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं, मानेमागे गरम वाटतं, ढेकर येते, आणि बोलावंसं वाटत नाही. क्रेनवाल्या काकांचं बोलणं थांबलं तीच वेळ होती थांबायची, हे मी त्या दिवशी शिकलो आणि तेव्हापासून ट्रेनिंग घेताना मी समोरच्याशी मुद्दाम गप्पा मारत राहतो, उत्तरं तुटक व्हायला लागली की हेडसेट उतरवतो, मग तो कितीही म्हणू दे अजून थोडं. घरी तुम्ही एकटे असाल तर जांभईवर विश्वास ठेवा. पहिली जांभई आली की त्याच क्षणी काढायचा, सेव्ह पॉइंटपर्यंत जायचं नाही, गोळीबार अर्धवट राहिला तर राहू दे.

काढल्यावर लगेच मोबाइल हातात घेऊ नका, त्याने परत ढवळतं. गच्चीत नाहीतर खिडकीत जाऊन लांबचं काहीतरी बघा, तोंडावर गार पाणी मारा. आल्याची वडी किंवा आलेपाक चघळला तर हलक्या त्रासाला बरं वाटतं, फार अपेक्षा ठेवू नका. त्या दिवशी परत हेडसेट घालायचा नाही. आणि डोकं पूर्ण ठिकाणावर आल्याशिवाय गाडी चालवायची नाही, दुचाकी तर नाहीच, तोल थोडा वेळ गेलेला असतो आणि तो आपला आपल्याला कळत नाही. गेमझोनमध्ये असताना एक मुलगा खेळून लगेच पार्किंगमध्ये गेला आणि उभ्या गाड्यांवर गाडी घातली, नशिबाने अजून पार्किंगच्या बाहेर पडला नव्हता.

असं केलंत तर साधारण दोन-तीन आठवड्यांत दोन मिनिटांची वीस मिनिटं झालेली मी पुष्कळदा बघितलीत. मधे महिनाभर गॅप पडला तर थोडं मागे जाता, पण परत येणं लवकर होतं.

आता गोळी. अ‍ॅव्होमिन प्रवासासाठी आहे, तिने झोप येते आणि ती कोणाला चालते कोणाला नाही हे तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. माझं कारण वेगळं आहे. या सगळ्या सरावात तुमचा एकच मार्गदर्शक आहे, ती पहिली जांभई. गुंगीची गोळी घेतलीत तर जांभई कशाने आली हेच कळणार नाही. घाटात तुम्हाला पलीकडे पोचायचंच असतं, मधे उतरता येत नाही, म्हणून गोळी घेतो. इथे हेडसेट काढायला एक सेकंद लागतो.

एक मात्र सांगून ठेवतो, हेडसेट नसतानाही गरगरत असेल, अंथरुणात कूस बदलली की खोली फिरत असेल, किंवा अर्धशिशीचा जुना त्रास असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, मग व्हीआरचं बघू.

आणि घरच्यांना, पाहुण्यांना हेडसेट दाखवाल तेव्हा रोलर कोस्टरचा व्हिडिओ लावू नका, कळकळीने सांगतोय. मॉलमध्ये आम्हाला तोच लावायला सांगायचे कारण बघणाऱ्यांना मजा येते, पण त्यात माणसाच्या हातात काहीच नसतं, पुढचं वळण कधी येणार हे माहीत नसतं. घाटात ड्रायव्हरला गाडी लागत नाही कारण वळण तो स्वतः घेत असतो, मागच्या सीटवरच्याला लागते. आजीला पहिल्यांदा हेडसेट द्याल तेव्हा तिला मागच्या सीटवर बसवू नका, जागच्या जागी उभं राहून फुगे फोडायचं असलं काहीतरी द्या.

तर या आठवड्यात फक्त बाल्कनीची टेस्ट करा, बाकी काही बदलू नका. कठडा थरथरला का, आणि जांभई आली असेल तर कितव्या मिनिटाला, एवढं इथेच लिहा, मग स्टिकच्या सेटिंगचे आकडे मी तुम्हाला त्यावरून सांगतो.